गुरुजींच्या झडत्या अन् सेटअपच्या पोटातला फॉन्ट

पोळ्याला दहा दिवस राहिले होते. दुपारची लाइन गेलेली, इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालू, अन् गुरुजींचा नातू बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा घेऊन दुकानात आला. डब्यात दोन सीड्या, एक पेनड्राइव्ह अन् एक पावती, पार पिवळी पडलेली. म्हणे, "आबाजीनं पाठवलं. हे कुठीच उघडून नाही राहिलं, तुमच्याजवळ होते का पाहा."

गुरुजी म्हणजे आमच्या शाळेचे जुने मास्तर. चौथीपर्यंत मला त्यांनीच शिकवलं. आता वय झालं, डोळ्याला कमी दिसते, पण डोकं एकदम तल्लख. रिटायर झाल्यावर त्यांनी गावोगाव फिरून झडत्या लिहून घेतल्या होत्या, घाटंजी, पांढरकवडा, आर्णी, जिथं जिथं ओळखीचं माणूस होतं तिथं जायचे, वहीत उतरवायचे अन् 2001 साली कॉम्प्युटर घेऊन स्वतः एका बोटानं टाइप केल्या. वह्या एका पावसाळ्यात भिजून गेल्या. राहिलं ते पेनड्राइव्हमधल्या अकरा फायलींत.

विदर्भाबाहेरच्या लोकांना झडती माहीत नसेल तर सांगतो. पोळ्याच्या दिवशी गावचे बैल तोरणाखाली उभे करतात, आंब्याच्या पानांचं तोरण, बैलांना बाशिंग, झूल, घुंगरमाळा, अन् तोरण तुटायच्या आधी एकेक जण जोरात झडती म्हणतो. यमक जुळवलेल्या ओळी असतात, कधी देवाच्या, कधी शेतीच्या, कधी सावकाराला अन् सरकारला चिमटे काढणाऱ्या, अन् शेवटी सगळा गाव मिळून "एक नमन गौरा पार्बती, हर बोला हर हर महादेव". लहानपणी आमच्या गावात वीस-पंचवीस जण म्हणणारे होते. मागच्या पोळ्याला चार होते, त्यातले दोघं मोबाइलमधे पाहून म्हणत होते. म्हणून त्या डब्याकडं पाहून माझ्या पोटात गोळाच आला.

फाइल उघडली तर काय, डॉलर, टक्के, प्रश्नचिन्हं, इंग्रजी अक्षरं कशीबशी एकमेकांना चिकटलेली. ज्यांनी त्या काळात मराठी टाइप केलं त्यांना हे दृश्य पाठ आहे. तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले. कॉम्प्युटरच्या लेखी तिथं इंग्रजी अक्षरच असते, आपल्याला 'क' दिसतो तो फक्त त्या फॉन्टमुळं. यूनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला ठरलेला एकच नंबर देणारी पद्धत, तिच्यात देवनागरी 1991 पासून आहे, पण 2001 मधे आमच्याकडं कोणाला त्याचं नाव माहीत होतं, दुकानदार जे टाकून देईल ते वापरायचं. तर तो फॉन्ट नाही म्हणजे झडत्या नाही, इतकं सरळ आहे ते.

एक गोष्ट बरी झाली. लिब्रेऑफिस, म्हणजे वर्डसारखं फुकटचं सॉफ्टवेअर, त्यात फाइल उघडली की वरच्या फॉन्टच्या खान्यात फॉन्टचं नाव दिसतेच, मशीनवर तो फॉन्ट नसला तरी. फक्त नाव तिरप्या अक्षरात दिसते. म्हणजे फॉन्टचं नाव मिळालं. अन् डब्यातली एक सीडी म्हणजे त्याच मराठी सॉफ्टवेअरची, गुरुजींनी पैसे देऊन घेतलेली, पावती सोबतच.

आता अडचण अशी की नातवानं यवतमाळात एका ओळखीच्या दुकानात विंडोजवर सीडी लावून पाहिली होती. सेटअप सुरू झालं, विंडोजचं हे व्हर्जन चालत नाही म्हणून सांगितलं अन् बंद झालं. विंडोज 98 च्या जमान्यातलं सॉफ्टवेअर, ते व्हर्जन तपासते अन् पुढं जातच नाही. तिथल्या भाऊनं सांगितलं, जुनं मशीन आणा नाहीतर विसरून जा. माझ्याकडं तर दुकानातल्या तिन्ही मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट नावाची फुकटची सिस्टिम, चार जीबी रॅमची जुनी मशिनं, नवीन विंडोज त्यांना ओढतच नाही. म्हणजे विंडोजवर चालत नाही ते सेटअप लिनक्सवर काय चालणार. नातवाचं तोंड एवढुसं झालं होतं.

पण मला सेटअप चालवायचंच नव्हतं, मला आतला फॉन्ट पाहिजे होता. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला समजायला बरीच वर्षं लागली, म्हणून इथं नीट लिहितो, कारण दुकानात रोज कोणीतरी "हे आपल्या कॉम्प्युटरवर चालत नाही नं" म्हणून सामान परत नेते.

सॉफ्टवेअरचं पॅकेज म्हणजे आंदणाची पेटी समजा. पेटीत भांडी आहेत, लुगडी आहेत, वर एक यादी चिकटवली आहे, अन् सोबत एक माणूस पाठवला आहे की बाबा तू जाऊन हे सामान कुठं कुठं लावायचं ते पाहा. इन्स्टॉल करणं म्हणजे त्या माणसाला घरात घेऊन सगळं त्याच्या हातानं लावून घेणं. तो माणूस विंडोजचा असला तर त्याला लिनक्सच्या घरातलं काही समजत नाही, मॅकचा असला तरी तेच. पण भांडं ते भांडंच आहे नं. फॉन्टची फाइल विंडोजवर चालते, मॅकवर चालते, लिनक्सवरही तीच चालते. फोटो, आवाज, पीडीएफ, शब्दांची यादी, ह्यांना कोणत्या घरचं आहोत ते माहीतच नसते. मग त्या माणसाला दारातच ठेवायचं अन् पेटीचं झाकण आपणच उघडायचं.

हे माझ्या डोक्यात बसलं ते डेब फायलीमुळं. डेबियन अन् उबंटू, मिंट वगैरे लिनक्सच्या प्रकारांचं पॅकेज डेब असते. ते काही फार मोठं रहस्य नाही, युनिक्सच्या सुरुवातीच्या काळापासून एक एआर नावाचा गठ्ठा बांधायचा प्रकार आहे, डेब म्हणजे तोच. आत तीन वस्तू. पहिली एक चिठ्ठी, तिच्यात फक्त 2.0 लिहिलेलं असते. दुसरी कंट्रोल, म्हणजे आपली यादी अन् लावायच्या सूचना. तिसरी डेटा, म्हणजे सामान. एआर एक्स म्हटलं की तिन्ही बाहेर येतात, मग डेटाचा टार, म्हणजे आतला आणखी एक गठ्ठा, उघडला की झालं. रेड हॅट, फेडोराकडचं आरपीएम असते, त्याच्या आत सीपीआयओचा गठ्ठा दाबून ठेवलेला, त्याला आरपीएम-टू-सीपीआयओ नावाची कमांड आहे. डेबवाल्या मशीनवर बसून आरपीएम उघडता येते अन् उलटंही, पहिल्यांदा केलं तेव्हा मी अर्धा तास नुसता आतल्या फायली पाहत बसलो होतो.

फायलीच्या नावावर जाऊ नका, तिच्या सुरुवातीच्या अक्षरांवर जा. ही सवय मला फार कामाची वाटते. कोणतीही एक्सई फाइल घ्या, पहिली दोन अक्षरं एम अन् झेड, ती मायक्रोसॉफ्टमधल्या मार्क झ्बिकोव्स्की नावाच्या माणसाच्या नावाची आहेत, आजही प्रत्येक विंडोज प्रोग्रामच्या डोक्यावर ती बसलेली असतात. पी अन् के दिसलं की झिप, ते फिल कॅट्झचं. मोबाइलचं एपीके म्हणजे झिपच, जावाचं जार म्हणजे झिपच, वर्डचं डॉकएक्स पण झिपच. लिनक्सवर फाइल नावाचीच एक कमांड असते, ती हीच सुरुवात पाहून सांगते की बाबा हे काय आहे. नाव कोणी काही ठेवो.

तर सीडी. पहिले सीडीची नक्कल करायची, थेट सीडीवर काम करायचं नाही, एवढ्या जुन्या सीडीचा भरवसा नसतो. माझ्या मशीनला सीडी ड्राइव्ह नाही, ग्रामपंचायतीच्या ऑपरेटर मित्राकडून बाहेरून लावायचा ड्राइव्ह आणला. सीडीवर ओरखडे भरपूर, मऊ फडक्यानं मधून काठाकडं सरळ सरळ पुसली, गोल गोल पुसायची नसते, गोल ओरखडा पडला तर तो वाचणाऱ्या रेषेवरच पडते. मग डीडी-रेस्क्यू लावलं. ते आधी जेवढं सहज वाचता येते तेवढं वाचून घेते, अडलेल्या जागा नोंदवून ठेवते अन् मग मागून त्यांच्यावर परत परत प्रयत्न करते, मधेच लाइन गेली तरी ती नोंद असल्यामुळं जिथं थांबलं तिथून पुढं सुरू होते. आमच्याकडं हे फार महत्त्वाचं आहे. दोनदा लाइन गेली, इन्व्हर्टरही बसला. रात्री साडेदहाला नक्कल पूर्ण झाली, एकही जागा सुटली नाही, मी घरी बायकोला उठवून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी बसलो. सेटअपच्या एक्सईवर सेव्हन-झिप चालवून पाहिलं. हे सेव्हन-झिप इगोर पाव्लोव्ह ह्या एकाच माणसानं 1999 पासून चालवलेलं फुकटचं सॉफ्टवेअर आहे अन् ते इतक्या प्रकारचे गठ्ठे उघडते की पहिला प्रयत्न नेहमी त्याचाच करावा. पण इथं आत दिसलं काय, टेक्स्ट, डेटा, रिसोर्स असले पाच-सहा तुकडे. हे म्हणजे त्या प्रोग्रामचे स्वतःचे अवयव, सामान नाही. इथंच पुष्कळ लोक समजतात की आत काही नाही. सामान बाजूला होतं. सीडीवर सेटअपच्या शेजारीच डेटा-वन नावाची कॅब फाइल, तीस एमबीच्या वर. कॅब म्हणजे कॅबिनेट, विंडोजकडचा दाबलेला गठ्ठा. सेटअप म्हणजे फक्त तो लावणारा माणूस, पेटी त्याच्या बाजूला ठेवलेली.

कॅब दिसली म्हणून कॅब उघडायचं टूल, कॅब-एक्स्ट्रॅक्ट, चालवलं. ते म्हणे ह्यात एकही धड कॅबिनेट नाही. मला वाटलं सीडीच खराब वाचली गेली. पण डीडी-रेस्क्यू तर सगळं वाचलं म्हणून सांगत होतं, मग फायलीची सुरुवात उघडून पाहिली. मायक्रोसॉफ्टची कॅब असती तर पहिली चार अक्षरं एम-एस-सी-एफ असायला पाहिजे होती. इथं होतं आय-एस-सी अन् पुढं एक उघडा कंस. म्हणजे ही इन्स्टॉलशील्डची कॅब. आडनाव एक, पण घराणं वेगळं. त्या काळातल्या पुष्कळ सॉफ्टवेअरचे सेटअप इन्स्टॉलशील्डनं बनवलेले असत अन् त्यांची कॅब वेगळ्याच पद्धतीनं बांधलेली असते, तिला अनशील्ड नावाचं वेगळं टूल लागते. ते मिंटच्या सॉफ्टवेअर भांडारात मिळते, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मिनिटभरात उतरलं.

अनशील्ड चालवलं तरी उघडेना. इथं माझी चूक होती. मी सीडीच्या नकलेतून फक्त ती कॅब तेवढी बाहेर काढली होती. ह्या प्रकारात आत काय काय आहे ह्याची यादी वेगळ्या फायलीत असते, नाव तेच, डेटा-वन, पण शेवटी एचडीआर, एवढीशी फाइल. अन् सामान जास्त असलं तर डेटा-टू, डेटा-थ्री अशा पुढच्या कॅबही असतात. सगळ्या एकाच फोल्डरमधे ठेवायच्या अन् कमांड डेटा-वनवर चालवायची. एचडीआर शेजारी आणून ठेवली अन् यादी मागितली तर स्क्रीनवर ओळीच ओळी धावायला लागल्या. चारशेच्या वर फायली. त्यात डीएलएल म्हणजे विंडोज प्रोग्रामचे सुटे भाग, हेल्पच्या फायली, किबोर्डच्या फायली अन् खाली खाली जाता जाता टीटीएफ, टीटीएफ, टीटीएफ. मोजले तर 63 फॉन्ट.

मी तेव्हा एकटाच होतो दुकानात. बाहेर एसटी थांबली होती, लोक उतरत होते, अन् मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

सगळं एका नवीन फोल्डरमधे काढलं. अनशील्ड सामानाचे गट पाडून वेगवेगळे फोल्डर करते, त्यामुळं फॉन्ट एका जागी सापडले. पण नावं त्या जुन्या पद्धतीची, आठ अक्षरांची, दोन इंग्रजी अक्षरं अन् पुढं आकडे. लिब्रेऑफिसनं दाखवलेलं नाव त्यात कुठंच नाही. कारण फॉन्टचं खरं नाव फायलीच्या नावात नसते, फायलीच्या आत असते. एफसी-स्कॅन नावाची कमांड ते आतलं नाव वाचून दाखवते. 63 फायलींवर एकदम चालवली अन् गुरुजींच्या फॉन्टचं नाव शोधलं. चाळिसाव्या की एक्केचाळिसाव्या फायलीत सापडलं, साधा अन् जाड दोन्ही. दोन्ही फायली माझ्या होम फोल्डरमधल्या फॉन्टच्या फोल्डरमधे टाकल्या, नवीन फॉन्टची नोंद घेणारं एफसी-कॅश चालवलं, लिब्रेऑफिस बंद करून परत उघडलं, अन् त्या डॉलर-टक्क्यांच्या जागी पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात "पोळ्याच्या झडत्या" अन् खाली गावाचं नाव, झडती सांगणाऱ्या माणसाचं नाव, तारीख. प्रत्येक झडतीखाली गुरुजींनी लिहून ठेवलं होतं की कोणी सांगितली. त्यातले कितीतरी आज नाहीत. माझ्या आज्याचं नाव होतं तिसऱ्या पानावर. मला माहीतही नव्हतं की तो झडती म्हणायचा.

कोणी विचारेल की वाइन काऊन नाही वापरलं. वाइन म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायची सोय, 1993 पासून तिचं काम चालू आहे अन् ती चांगली आहे, ज्याला तो प्रोग्रामच चालवायचा आहे त्यानं जरूर वापरावी. पण मला दोन फायली पाहिजे होत्या, त्यासाठी अख्खं सेटअप चालवायचं, ते कुठं काय टाकते पाहायचं, व्हर्जनवर अडलं तर त्याला समजावायचं, एवढा पसारा कशाला. शिवाय पेटी उघडताना आतला प्रोग्राम चालत नाही, त्यामुळं अनोळखी सेटअप असलं तर हा रस्ता मला जास्त सुरक्षित वाटते. अर्थात ह्याची दुसरी बाजूही आहे, आतले डीएलएल अन् एक्सई बाहेर काढले म्हणून ते लिनक्सवर चालणार नाहीत. ती विंडोजची भाषा बोलणारी माणसं आहेत. सामान घ्या, माणसं राहू द्या.

अन् काढायचं ते वेगळ्या रिकाम्या फोल्डरमधेच काढायचं, हे मी कळकळीनं सांगतो, कारण मी एकदा ह्यात मार खाल्ला आहे. पाच-सहा वर्षं झाली, एक डेब इन्स्टॉल होत नव्हतं, डिपेन्डन्सी, म्हणजे त्याला लागणारी दुसरी पॅकेजं, जुळत नव्हती, मी त्यातला डेटाचा टार काढला अन् सुडो, म्हणजे मालकाचा अधिकार, लावून थेट रूटवर, म्हणजे सिस्टिमच्या मुळाच्या फोल्डरवर, उघडला, म्हटलं सगळं आपापल्या जागी जाऊन बसेल. त्या टारमधे लिब नावाचा फोल्डर होता. आताच्या सिस्टिममधे रूटवरचं लिब म्हणजे खरा फोल्डर नसते, यूएसआरमधल्या लिबकडं बोट दाखवणारी लिंक असते. टारनं ती लिंक काढली अन् त्या जागी आपला फोल्डर ठेवला. पुढच्या क्षणाला एकही कमांड चालेना, फायलींची यादी दाखवणारी साधी एलएस सुद्धा नाही, कारण सगळ्या कमांडींना लागणाऱ्या लायब्रऱ्या त्याच रस्त्यानं सापडत होत्या. त्या दिवशी पीक विम्याची शेवटची तारीख होती अन् दुकानात बायाबापड्या रांगेत उभ्या. पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लाइव्ह मिंटनं मशीन चालू करून ती लिंक परत बनवली तेव्हा मशीन उठलं, पण दीड तास गेला, अन् त्या दीड तासात मला ज्या नजरा पाहाव्या लागल्या त्या मी विसरलो नाही. रांगेतल्या सगळ्यांचे अर्ज झाले, रात्री अकरापर्यंत बसलो.

मॅकच्या पॅकेजचंही सांगतो, कारण आमच्याकडं मॅक कोणी पाहिलेलाही नसते अन् तरी मला त्यातून सामान काढावं लागलं. दुकानातला लेझर प्रिंटर यवतमाळहून सेकंडहँड आणलेला, पोस्टस्क्रिप्ट नावाची छपाईची भाषा समजणारा मजबूत प्रिंटर, पण कंपनीनं लिनक्ससाठी काहीच दिलेलं नाही. विंडोजचं अन् मॅकचं मिळते. लिनक्सवर छपाई सीयूपीएस नावाचं सॉफ्टवेअर करते, अन् मॅकवरही सीयूपीएसच आहे, त्यामुळं प्रिंटरची ओळख सांगणारी पीपीडी नावाची फाइल दोन्हीकडं एकाच भाषेतली असते. साधी मजकुराची फाइल, कोणत्याही एडिटरमधे वाचता येते, कागद कोणते, ट्रे किती, दोन्ही बाजूंनी छापता येते का, सगळं. मग मॅकचं डीएमजी, म्हणजे तिकडची पेटी, उतरवलं. सेव्हन-झिपनं डीएमजी उघडलं, आत पीकेजी. पीकेजी म्हणजे झार नावाचा गठ्ठा, सुरुवातीलाच एक्स-ए-आर अन् उद्गारचिन्ह, तेही सेव्हन-झिपनं उघडलं. आत पेलोड. पेलोड म्हणजे जीझिपनं दाबलेला सीपीआयओ, तो उघडला तर लायब्ररी, प्रिंटर्स, पीपीडी असे फोल्डरात फोल्डर, अन् शेवटी पीपीडी परत जीझिप केलेली. कांद्यासारखं सोलत जायचं, प्रत्येक पापुद्र्याला फाइल कमांड विचारायची की तू कोण. त्या पीपीडीत मॅकच्या छपाईच्या खिडकीसाठी दोन-चार ओळी होत्या, त्या इकडं नुसत्या पडून राहतात, काही बिघडवत नाहीत. सीयूपीएसला ती फाइल दाखवली अन् पहिलाच सातबारा दोन्ही बाजूंनी स्वच्छ छापून आला. तोच प्रिंटर अजून चालू आहे. जो प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट समजत नाही त्याचं हे असं जमत नाही, त्याला कंपनीचा फिल्टर, म्हणजे पान प्रिंटरच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम, लागते अन् मॅकचा फिल्टर लिनक्सवर चालत नाही, म्हणजे घ्यायच्या आधीच प्रिंटर कोणता ते पाहायचं.

एमएसआय म्हणजे विंडोजचं आणखी एका प्रकारचं पॅकेज, त्याचं थोडक्यात. लिनक्सवर एमएसआय-एक्स्ट्रॅक्ट नावाचं टूल आहे, एमएसआय-टूल्समधे येते, ते वापरा. सेव्हन-झिपनंही उघडते पण फायलींची नावं कशीतरीच येतात, कारण खरी नावं एमएसआयच्या आतल्या तक्त्यात वेगळी लिहिलेली असतात. अन् इनो सेटअप, इन्स्टॉलशील्डसारखंच सेटअप बनवायचं सॉफ्टवेअर, त्यानं बनवलेली एक्सई असली तर इनो-एक्स्ट्रॅक्ट. बस.

फॉन्टच्या बाबतीत एक सांगून ठेवतो, पेटी उघडता आली म्हणून आतलं सगळं आपलं होत नाही. हा फॉन्ट गुरुजींनी विकत घेतलेला, पावती डब्यात. मी तो फक्त त्यांच्या फायली वाचायला वापरला. दोन जणांनी मागितला, मी दिला नाही, तुमची फाइल घेऊन या, मी इथं वाचून देतो म्हटलं.

अन् म्हणूनच झडत्या यूनिकोडमधे आणायच्या होत्या, म्हणजे परत कोणाला फॉन्ट शोधत फिरायला नको, मोबाइलवर थेट वाचता याव्या. अकरा फायलींत 186 झडत्या. एक छोटी पायथनची स्क्रिप्ट लिहिली, कोणत्या इंग्रजी अक्षराच्या जागी मराठीचा कोणता तुकडा हे फॉन्ट पाहून पाहून तक्ता बनवला. नुसती अदलाबदल करून भागत नाही. जुन्या फॉन्टमधे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, जशी दिसते तशी, अन् यूनिकोडमधे ती अक्षराच्या नंतर साठवतात. रफार जुन्या फॉन्टमधे अक्षराच्या नंतर, यूनिकोडमधे आधी. 'पार्बती'चा रफार पहिल्या दिवशी भलत्याच अक्षरावर जाऊन बसत होता. जोडाक्षरावर वेलांटी आली की अजून गुंता, 'स्थिती' लिहायची तर वेलांटी 'स्थ' ह्या पूर्ण जोडीच्या मागं न्यावी लागते. तीन रात्री गेल्या. मग प्रत्येक झडती जुन्या फॉन्टमधली डाव्या बाजूला अन् नवी उजव्या बाजूला ठेवून नातू अन् मी ओळ न ओळ मिळवली. तो मोठ्यानं वाचायचा, मी पाहायचो. बारावीचं पोरगं, पहिल्या दिवशी अडखळत होतं, तिसऱ्या दिवशी यमक आलं की आपोआप आवाज चढत होता.

खांदमळणीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी लोक बैल धुवायला नाल्यावर चालले होते, घराघरातून हळद-लोणी निघत होतं, संध्याकाळी बैलांना "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणायचं, अन् त्या गडबडीत आम्ही छापलेला गठ्ठा घेऊन गुरुजींकडं गेलो. अक्षर मुद्दाम मोठं ठेवलं होतं, 18 पॉइंट. गुरुजी ओसरीत बसले होते. त्यांनी भिंग घेतलं, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, काही बोलले नाही. नातू मधेच म्हणाला, "आबाजी, सगळ्या आल्या, एकशे शहाऐंशी." त्यांनी हात वर करून थांब म्हटलं. तिसऱ्या पानावर माझ्या आज्याची झडती होती, ती त्यांनी मोठ्यानं म्हटली, चाल लावून, अन् त्यांच्या घरातल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या.

मग पुढं वाचत वाचत सत्तेचाळीसाव्या झडतीवर थांबले. बोट ठेवलं अन् म्हणाले, "इथं 'वखर' पाहिजे बापू, 'नांगर' नाही. हे कॉम्प्युटरचं नाही चुकलं, मीच तवा चुकलो होतो टाइपताना. जुळत नाही पाय, खालच्या ओळीत 'शेखर' हाय."

मी तिथंच पेननं खूण केली. आणखी सहा जागा त्यांनी सांगितल्या. दुकानात जाऊन सातही दुरुस्त केल्या, परत छापल्या, अन् दुसऱ्या दिवशी तोरणाखाली पहिली झडती नातवानं म्हटली, कागद न पाहता.